मोटारीतला टेप आणि हँडब्रेकची वायर

मराठी माणूस वस्तू बदलतो, पण वस्तूचे नाव सहसा बदलत नाही. फितीची कॅसेट जाऊन कितीतरी वर्षे लोटली, तिच्यामागून आलेली तबकडीही मावळली, तरी मोटारीच्या डॅशबोर्डमधल्या त्या चौकोनी यंत्राला आपल्याकडे अजून ‘टेप’च म्हणतात. ‘टेप बदलायचाय का, काका?’ असे दुकानदार विचारतो, आणि आपण ‘हो’ म्हटले की समोर आणून ठेवतो एक काळीभोर काच. सात इंची, नऊ इंची, दहा इंची, जशी ज्याची ऐपत. ही काच गाणी म्हणते, रस्ता सांगते, फोन उचलते, मोटारीच्या पाठीमागचे दृश्य दाखवते, आणि दुकानदाराच्या शब्दांत सांगायचे तर ‘पिक्चरसुद्धा एकदम क्लिअर’.

दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ही काच बसवून घेणाऱ्यांची दुकानात झुंबड असते. त्याचे कारण सरळ आहे. मोटार दहा-बारा वर्षांची झालेली असते, इंजिन ठणठणीत असते, नवी घेण्याचा विचार दोनदा मनात येऊन दोनदा परत गेलेला असतो. मग निदान हिचा चेहरा तरी नवा करावा असे वाटते. बोनस हाती असतो, सुट्टीत कोकणात किंवा घाटावर जायचे ठरलेले असते, आणि शेजाऱ्यांच्या मोटारीतली काच मुलांनी पाहिलेली असते. एवढे योग एकदम जुळल्यावर कोणता बाप थांबेल?

मी पेशाने मराठीचा मास्तर. यंत्रातले तुम्हांला काय कळते, असे कोणी विचारले तर वाद घालणार नाही. पण माहितीपत्रक बारकाईने वाचणे आणि शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे ते तपासणे हा माझा रोजचा धंदा आहे, आणि या खरेदीत निम्मी फसगत शब्दांमुळेच होते.

मोटारीत गाणे वाजावे ही हौस आजची नव्हे. १९३० साली अमेरिकेत अटलांटिक सिटी येथे रेडिओ बनवणाऱ्यांचे संमेलन भरले होते. पॉल गॅल्विन या गृहस्थापाशी आत मांडणी करायला जागा नव्हती. त्याने आपली मोटार संमेलनाच्या बाहेर उभी केली आणि तिच्यात बसवलेला रेडिओ मोठ्याने लावून दिला. त्याच यंत्राला पुढे ‘मोटोरोला’ हे नाव मिळाले. ‘मोटार’ या शब्दाला त्या काळच्या गाण्याच्या यंत्रांच्या नावांतले ‘ओला’ हे शेपूट जोडून केलेला तो सामासिक शब्द आहे. मौजेची गोष्ट अशी, की त्याच सुमारास तिकडे काही ठिकाणी मोटारीतल्या रेडिओवर बंदी घालावी, चालकाचे लक्ष उडते, अशीही चर्चा चालली होती. रेडिओ तरला, कारण तो कानाचा विषय होता. आज दुकानात मांडलेली वस्तू मात्र डोळ्यांचा विषय आहे. तिची निवड करताना हा फरक मनात धरला म्हणजे पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतात.

आता तो शब्दांचा घोळ. दुकानात दोन नावे ऐकू येतात, ‘अँड्रॉइड स्टिरिओ’ आणि ‘अँड्रॉइड ऑटो’. ऐकायला सख्खी भावंडे, पण नाते चुलत. अँड्रॉइड स्टिरिओ म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेला एक स्वतंत्र फोनच. त्याची स्वतःची आज्ञावली, स्वतःची ॲप्स, आणि त्याला इंटरनेट हवे तर वेगळे सिमकार्ड तरी घाला किंवा आपल्या फोनवरून हॉटस्पॉट तरी द्या. अँड्रॉइड ऑटो, आणि त्याचे ॲपलच्या घरातले भावंड कारप्ले, हा प्रकार निराळा. इथे डोके फोनचे आणि तोंड काचेचे. फोन जोडला की त्यातला नकाशा, गाणी आणि फोनचे क्रमांक मोठ्या अक्षरांत, मोजक्या बटणांनिशी काचेवर उमटतात. हे दोन्ही प्रकार २०१४ साली जाहीर झाले. यांत वाहन चालू असताना सिनेमा नाही, खेळ नाहीत, वाचत बसण्याची सोय नाही. दुकानदाराला हा उणेपणा वाटतो. मला तो या यंत्राचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

अँड्रॉइड स्टिरिओचा भाव दुकानात जवळजवळ किराणा मालासारखा सांगतात. ‘दोन-बत्तीस घ्या, चार-चौसष्ट घ्या.’ म्हणजे दोन जीबी रॅम आणि बत्तीस जीबी साठवण, वगैरे. आकडा मोठा तसे यंत्र चपळ हे खरे, पण ते आज. तीन-चार वर्षांनी ॲप्स जड होतात आणि डॅशबोर्डमधला संगणक तेवढाच राहतो. शिवाय उन्हाळ्यात मोटार दुपारभर उघड्यावर उभी केली की आतली काच किती तापते हे विदर्भातल्या वाचकांना मी काय सांगावे! फोन मात्र आपण तसाही दर काही वर्षांनी बदलतोच. तेव्हा डोके फोनमध्ये ठेवावे आणि काचेने फक्त दाखवण्याचे काम करावे, हा मला सोयीचा संसार वाटतो. नामांकित कंपन्यांच्या सात इंची पडद्यावर अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले दोन्ही असतात. तोच पैसा बिननावाच्या दहा इंचांवर घालवण्यात काय हशील?

इंचांवरून आठवले. जुन्या मोटारीत टेपची जी खाच असते तिचे माप जर्मनांनी ठरवलेले आहे, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. हिला ‘सिंगल डिन’ म्हणतात. दुप्पट उंचीची ती ‘डबल डिन’. सात इंची पडदा डबल डिनमध्ये नीट बसतो. नऊ-दहा इंची पडदा खाचेत मावत नाही, तो खाचेपुढे टांगावा लागतो, आणि त्यासाठी त्या-त्या मोटारीची वेगळी ‘फ्रेम’ लागते. फ्रेम बेताची असली तर खडबडीत रस्त्यावर ती कुरकुरते. कधी मोठा पडदा एसीच्या झडपांसमोर येतो, कधी धोक्याच्या दिव्याचे बटण झाकून टाकतो. अलीकडच्या पुष्कळ मोटारींत एसी आणि इतर सोयी मूळ पडद्यातूनच चालतात. त्यांनी या भानगडीत न पडलेले बरे.

खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असे ठसठशीत छापलेले असते. हा आकडा क्षणभराच्या आवाजाचा आहे. मोटारीच्या चौदा व्होल्टांवर या यंत्राकडून दर स्पीकरला स्वच्छ मिळतात ते वीसच्या आसपास वॅट. ते आपल्याला पुरतात. दाराच्या आत कोणता स्पीकर आहे यावर आवाजाची गोडी अधिक अवलंबून असते, हे एवढे सांगून हा विषय सोडतो.

रेडिओचे मात्र सोडणार नाही, कारण मागच्या सीटवर आमची आई बसते. पुण्यात विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर लागते. आता पुष्कळ परदेशी यंत्रांत रेडिओचा ‘प्रदेश’ अमेरिका असा ठेवलेला असतो. तिथे केंद्रांमधले अंतर दोन दशांशांचे आणि सगळे आकडे विषम. म्हणून यंत्र १००.९ वर थांबते आणि तिथून उडी मारून थेट १०१.१ वर जाते. मधले १०१ त्याच्या गावीच नसते. गाणे खरखरते, आणि ‘अरे, एवढे पैसे घालून जुन्याइतकंसुद्धा नीट लागत नाही!’ असे मागून ऐकावे लागते. सेटिंगमध्ये जाऊन प्रदेश बदलला की काम होते. हे दुकानातच करून घ्यावे. मीडियम वेव्ह ऐकणारे कोणी घरी असेल तर तेही आधीच विचारावे, कारण कित्येक यंत्रांत आता फक्त एफएमच असते.

आता नकाशा. मोटारीला रस्ता सांगण्याची पहिली यंत्रे उपग्रहांच्या आधीची आहेत. होंडा कंपनीने १९८१ साली जपानात असे एक यंत्र आणले होते. त्यात पारदर्शक नकाशा पडद्यावर सरकवायचा आणि वायूवर चालणारा जायरोस्कोप मोटार किती वळली ते मोजायचा. मग अमेरिकेचे जीपीएस उपग्रह आले. सामान्य माणसासाठी त्या संदेशांत मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली, आणि मग खरी सोय झाली. इथे एक गैरसमज फार आहे. ताम्हिणी घाटात फोनची रेंज गेली की ‘जीपीएस गेले’ असे आपण म्हणतो. जीपीएस जात नाही. ते सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फुकट येतच असते. जातो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून उतरत असतो. घरून निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला की घाटातही वाट सापडते. नकाशा कार्डावर भरलेली जुन्या धर्तीची यंत्रेही अजून कोठे कोठे मिळतात. ती रेंजवाचून चालतात खरी, पण कार्ड जेव्हाचे तेवढेच त्यांचे ज्ञान. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पुरा झाला. त्याआधीचे कार्ड सेतूवरून जाणाऱ्या मोटारीला भर समुद्रात दाखवील.

फोनचा नकाशा ताजा असतो म्हणून तो शहाणा असतो असे मात्र नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी नकाशाने दाखवलेल्या वाटेने निघालेली एक मोटार कोतूळजवळच्या पुलावर गेली. तो पूल त्या वेळी धरणाच्या पाण्याखाली होता. आतले दोघे बचावले, चालक बुडाला. गावातल्या पोराला माहीत असलेली गोष्ट नकाशाला माहीत नव्हती. रात्री, पावसाळ्यानंतर, अनोळखी आडवाटेला काच कितीही आत्मविश्वासाने निळी रेघ दाखवो, चहाच्या टपरीवर एकदा ‘हा रस्ता चालू आहे का हो?’ असे विचारावे. फोनच्या नकाशाला मराठीत बोलायला लावता येते, तेही जरूर करावे. त्यामुळे पडद्याकडे पाहण्याची गरज कमी होते. आमच्याकडे आणखी एक फायदा झाला आहे. ‘उजवीकडे वळा’ म्हणणाऱ्या त्या बाईंशी आता आईचे मतभेद होतात, आणि कोकणच्या रस्त्यांपुरते बोलायचे तर आईची बाजू पुष्कळदा बरोबर निघते.

पण मुख्य गोष्ट डोळ्यांची. घाटात ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. पुढचे गाणे शोधायला दोन सेकंद खाली पाहिले की ३३ मीटर रस्ता कोणी पाहिलेलाच नसतो. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने २०१३ साली मोटार बनवणाऱ्यांना सुचवले, की मोटारीतल्या कोणत्याही यंत्राला एका नजरेत दोन सेकंदांहून अधिक आणि एका कामाला एकूण बारा सेकंदांहून अधिक पाहावे लागता कामा नये. स्वीडनमधल्या ‘व्ही बिलेगारे’ या मोटार मासिकाने २०२२ साली एक साधी परीक्षा घेतली. ताशी ११० किलोमीटरने मोटार चालवत रेडिओचे केंद्र बदलणे, एसी कमी-जास्त करणे अशी चार कामे करायची. २००५ सालच्या, बटणांच्या जुन्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत झाली. पडद्याच्या एका नव्या मोटारीत त्यांना चव्वेचाळीस सेकंदांहून अधिक लागले, आणि तेवढ्या वेळात मोटार सव्वा किलोमीटरच्या पुढे गेली होती!

म्हणून दुकानात आमच्या सौ.ने जी परीक्षा घेतली ती मला फार आवडली. मोटार घरात दोघेही चालवतो, आणि खरे सांगायचे तर ती अधिक चांगली चालवते. नाना पेठेतल्या एका दुकानात विक्रेता नऊ इंची काचेचे रंग दाखवण्यात गुंग झाला होता. ती म्हणाली, ‘दादा, समोर त्या विजेच्या खांबाकडे बघा. नजर हलवायची नाही. आता आवाज कमी करा.’ विक्रेत्याचे बोट काचेवर चाचपडत राहिले. आवाज वाढला, मग भाषा बदलली, मग चिनी अक्षरे आली. तिने शेजारच्या सात इंची यंत्राची गोल खुंटी न बघता फिरवली. आवाज उतरला. ‘अहो, हे घ्यायचं,’ ती मला म्हणाली. मी घेतले.

पैसे देताना विक्रेत्याने सलगीने सांगितले, ‘सर, हँडब्रेकची वायर बॉडीला मारून देतो. चार्ज काही नाही. म्हणजे चालत्या गाडीतपण पिक्चर बघता येईल.’ ही वायर काय करते ते कोणी ग्राहकाला समजावून सांगत नाही, म्हणून इथे लिहितो. हँडब्रेक ओढला की तिथला स्विच जमिनीशी, म्हणजे मोटारीच्या लोखंडी अंगाशी, जोडला जातो. यंत्राची ती वायर त्या स्विचला जोडलेली असते, त्यावरून यंत्राला कळते की मोटार उभी आहे, आता चित्र दाखवायला हरकत नाही. हँडब्रेक सोडला की चित्र बंद. ही वायर स्विचला न जोडता कायमची लोखंडाला जोडून टाकली, की यंत्राला वाटते मोटार जन्मभर उभीच आहे. दोन मिनिटांचे काम आणि फुकट! ग्राहकावर उपकार म्हणून हे सर्रास करतात, आणि घरातल्या मुलांना ते हवेच असते. सौ.ने विचारले, ‘हँडब्रेक ओढल्यावर लागतो ना पिक्चर? मग तेवढाच लागू दे. वायर जिथली तिथे जोडा.’ विक्रेत्याने माझ्याकडे पाहिले. मी पाकीट काढले आणि वायर जिथली तिथे गेली.

मुलांची समजूत घालावी लागतेच. पुढच्या पडद्यावर चित्र हलते तेव्हा ते केवळ मागच्यांसाठी हलत नाही. चालवणाराही माणूसच असतो. हलत्या चित्राकडे डोळा ओढला जाणे हा त्याचा दोष नाही, डोळ्याचा धर्म आहे. मुलांना सिनेमा हवा तर त्यांच्या हातात मागे टॅबलेट द्यावा. खरे तर खंबाटकीचा घाट सिनेमापेक्षा बरा, पण हे मत हल्ली घरात एक विरुद्ध तीन असे पडते. फोनच्या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे वाहन चालवताना हातातले उपकरण फक्त रस्ता पाहण्यापुरते वापरता येते, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

या काचेचा डोळ्यांना खरा उपयोग होतो तो मागे जाताना. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचा अडथळा ओळखणारे सेन्सर सक्तीचे झाले, पण आपल्या जुन्या मोटारीत ते नसतात. सोसायटीच्या आवारात फटाके लावणारी पोरे मोटारीच्या मागे वाकून बसलेली असतात, आणि ती आरशात दिसत नाहीत. तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर इंच कमी करा, मागचा कॅमेरा सोडू नका. त्याचीही परीक्षा आहे. मोटार तासभर बंद ठेवून किल्ली फिरवा आणि लगेच रिव्हर्स टाका. पुष्कळ अँड्रॉइड यंत्रे जागी व्हायला अर्धा मिनिट घेतात आणि तोवर कंपनीचे बोधचिन्ह दाखवत बसतात. रिव्हर्स टाकताक्षणी चित्र आले नाही तर तो कॅमेरा आपल्या उपयोगाचा नाही.

शेवटी बसवण्याची गोष्ट, आणि ती यंत्राइतकीच महत्त्वाची आहे. मूळ वायरी कापून पिळे मारून चिकटपट्टी गुंडाळणारा कारागीर पंधरा मिनिटांत मोकळा होतो. आपल्या मोटारीच्या जोडाला बसणारा तयार ‘कपलर’ लावणारा थोडे जास्त पैसे घेतो. ते आनंदाने द्यावेत. पिळ्याचा सांधा धक्क्यांनी सैल होतो, तापतो, आणि डॅशबोर्डच्या आत काय तापते आहे हे आपल्याला दिसत नाही. पिवळी वायर बॅटरीला कायम जोडलेली असते, तिच्यावर फ्यूज हवाच. तांबडी किल्लीबरोबर चालू-बंद होणारी. घाईत दोन्ही बॅटरीला जोडल्या तर यंत्र रात्रभर जागे राहते आणि चार दिवस मोटार उभी राहिली की बॅटरी उतरते. किल्ली काढल्यावर पडदा विझतो ना, आणि पुन्हा लावल्यावर रेडिओचे केंद्र आठवते ना, एवढे पाहिले की दोन्ही बरोबर आहेत असे समजावे. दिव्यांची वायरही जोडून घ्यावी, म्हणजे हेडलाइट लावताच पडदा मंद होतो. नाहीतर रात्री घाटात तोंडासमोर कंदील धरल्यासारखे वाटते. जीपीएसचा छोटा अँटेना वेगळा असेल तर तो पुढच्या काचेखाली ठेवायला सांगावा. कारागीर तो लोखंडाच्या मागे कोंबतात आणि मग मोटार शेजारच्या गल्लीत फिरताना दिसते.

निघताना जुना टेप आणि काढलेल्या पट्ट्या, स्क्रू मागून घ्यावेत. दुकानदार ‘कशाला, भंगार आहे’ म्हणतो, तरी घ्यावेत. मोटार विकायची झाली तर नवे यंत्र काढून घेऊन जुना पुन्हा बसवता येतो. आमचा टेप माळ्यावर ठेवला आहे. त्यात आईची भजनांची एक सीडी अडकलेली आहे, आणि ती काढून द्या म्हणून दर एकादशीला आठवण होते.